उन्हाळ्यात कबिनीला हत्ती पाहायला जाणार असाल तर...

रानजाई

मार्च ते मे या काळात नागरहोळे राष्ट्रीय उद्यानात, त्यातही कबिनीच्या काठाला, जायचा विचार करणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. ताडोबा, पेंच, मेळघाट यांवर इथे भरभरून लिहिलं गेलंय. हत्तींच्या जंगलाबद्दल मात्र फारसं वाचायला मिळालं नाही. आपण मराठी माणसं जंगल बघायला शिकतो ती बहुतेक विदर्भात, वाघाच्या मागावर. तीच सवय घेऊन कबिनीला गेलं की जिप्सीतली मंडळी वाघ आणि तो प्रसिद्ध काळा बिबट्या यांचीच चौकशी करत राहतात, आणि गवतात चरणारा हत्तींचा कळप दोन फोटो काढून मागे टाकतात. मला हे मनापासून खटकतं. आशियाई हत्ती इतक्या मोठ्या संख्येने, उघड्यावर, दिवसाढवळ्या दिसतील अशा जागा जगात फार थोड्या आहेत. त्यातली एक आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

आधी जागा समजून घेऊ. नागरहोळे म्हणजे म्हैसूर आणि कोडगू जिल्ह्यांत पसरलेलं सुमारे ६४३ चौरस किलोमीटरचं उद्यान. १९५५ साली अभयारण्य, १९८८ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प. दक्षिणेला कबिनी नदी, तिच्या पलीकडे बंडीपूर, त्याला लागून तामिळनाडूतलं मुदुमलई आणि केरळचं वायनाड. ही चारही जंगलं एकमेकांना चिकटलेली आहेत आणि हत्ती त्यांत ऋतूप्रमाणे फिरतात. २०१७ च्या गणनेत देशात २७,३१२ हत्ती मोजले गेले, त्यातले ६,०४९ एकट्या कर्नाटकात. कुठल्याही राज्यात इतके नाहीत.

आता उन्हाळाच का? याचं उत्तर धरणात आहे. १९७४ साली कबिनीवर धरण पूर्ण झालं आणि जंगलाचा मोठा सखल भाग पाण्याखाली गेला. पावसाळ्यानंतर हा जलाशय तुडुंब असतो. पुढे शेतीला पाणी सुटतं, फेब्रुवारीपासून पातळी उतरू लागते आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. आतल्या जंगलात तेव्हा सागाची पानं गळालेली, ओढे आटलेले, बांबू वाळलेला. म्हणजे चारा आणि पाणी दोन्ही एकाच ठिकाणी, नेमकं टंचाईच्या दिवसांत. हत्ती येणारच. पाऊस सुरू झाला, जंगलात सगळीकडे हिरवं झालं की ते पांगतात. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत जाऊन 'हत्ती कुठे दिसले फारसे?' असं म्हणणाऱ्यांचं चुकत नाही. तेव्हा ते गवतच पाण्याखाली असतं.

काठावर पन्नास-साठ हत्ती एकदम दिसले की आपण म्हणतो, केवढा मोठा कळप! तसं नसतं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातले संशोधक २००९ पासून इथल्या हत्तींना एकेक करून ओळखतात: कानाच्या कडेची फाटकी खाच, कानाची घडी, शेपटीचे केस, सुळ्यांचा बाक यांवरून. त्यांच्या नोंदींवरून कळतं की माद्यांचे मोठे कूळ असते, पण त्या एका वेळी छोट्या छोट्या गटांत फिरतात आणि गटातल्या सोबती बदलत राहतात. काठावरच्या गवतावर दोन वेगळ्या कुळांच्या माद्या समोरासमोर आल्या तर ढकलाढकली, पाठलाग, हुसकावणं हे सगळं होतं. गवत चांगलं आहे म्हणूनच भांडण आहे. हे एकदा माहीत झालं की समोरचं दृश्य बदलतं. कोण कुणाला जागा देतंय, कोण वाट वाकडी करून जातंय, हे दिसायला लागतं.

काय बघायचं, हे थोडं सविस्तर लिहिते, कारण गाइडला बहुधा पुढे जायची घाई असते.

गवत खाताना हत्तीचा पुढचा पाय बघा. गवत आखूड असेल तर तो पायाच्या नखांनी जमीन उकरत गवत सैल करतो, सोंडेने झुबका गोळा करतो, माती झटकायला तो पायावर आपटतो आणि मग तोंडात घालतो. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो आणि त्यातला जवळपास निम्मा न पचताच बाहेर पडतो. त्यामुळे त्याचं खाणं जवळजवळ थांबतच नाही. हत्तीच्या शेणात बिया असतात, शेणकिडे असतात, त्या किड्यांवर टपलेले पक्षी असतात. वाटेत शेण पडलेलं दिसलं तर गाडी दोन मिनिटं थांबवायला सांगा.

पिल्लं बघा. आईच्या पोटाखालून सहज आरपार जातं ते पिल्लू साधारण वर्षाच्या आतलं. पहिले काही महिने त्याला सोंड वापरताच येत नाही. ती नुसती हलते, पायात येते, आणि पाणी प्यायला ते गुडघे टेकून थेट तोंड लावतं. आईखेरीज बाकीच्या माद्याही त्याला सांभाळतात. हत्तिणीचा गर्भकाळ दीड वर्षाहून अधिक, बावीस महिन्यांपर्यंतही जातो, आणि दोन बाळंतपणांत चार-पाच वर्षं जातात. एकेक पिल्लू कुळासाठी किती मोलाचं असतं ते यावरून लक्षात येईल.

सुळे फक्त नरांना असतात, आणि सगळ्याच नरांना नसतात. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात. वयात आलेले नर कुळातून बाहेर पडतात, एकटे किंवा दोघे-तिघे मिळून फिरतात. डोळा आणि कान यांच्या मधून काळपट ओघळ आलेला असेल, मागचे पाय ओले असतील, तर तो मदावर आलेला नर. त्याच्यापासून लांबच राहायचं, आणि गाडी मागे घ्यायची असेल तर चालकाला घेऊ द्यायची. 'अजून एक फोटो' म्हणायचं नाही.

सफारी दोन तऱ्हेच्या. दम्मनकट्टेच्या फाटकातून जीप किंवा बस, आणि जलाशयातून नाव. खाजगी गाडी आत नेता येत नाही. राज्य सरकारच्या जंगल लॉजेसमधून किंवा काठावरच्या रिसॉर्टमधून राहण्यासकट आरक्षण होतं, आणि वनखात्याची बससफारी वेगळी असते. मोठी लेन्स असेल तर तिचं शुल्क निराळं भरावं लागतं, ते आधी विचारून घ्या. हत्तींसाठीच जायचं असेल तर माझा आग्रह नावेचा आहे. जीपमधून कळप झाडांआड अर्धामुर्धा दिसतो, नावेतून अख्खा काठ समोर उलगडतो. दुपारच्या फेरीला जा, कारण ऊन तापल्यावर ते पाण्याशी येतात. शक्य असेल तर किमान दोन फेऱ्या ठेवा, आणि त्यातली एक पूर्ण हत्तींना द्या.

म्हैसूरहून हेग्गडदेवनकोटे, अंतरसंते असा रस्ता आहे, दोन-सव्वादोन तास लागतात. हाच रस्ता पुढे केरळात मानंदवाडीला जातो, पण जंगलातला टप्पा संध्याकाळी ६ ते सकाळी ६ बंद असतो. तेव्हा उशिरा पोचण्याचा बेत करू नका. आणि तिकिटं काढण्याआधी सफारी सुरू आहे ना, हे नक्की विचारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंडीपूर-नागरहोळेच्या कडेच्या गावांत वाघांच्या हल्ल्यांत माणसं दगावल्यावर सरकारने सफारी थांबवल्या होत्या.

प्रश्न असतील तर विचारा. इथल्या जाणकारांनी भर घालावी.

सह्यवारा

उत्तम लेख, वाचनखूण साठवली. मेमध्ये जायचा विचार आहे. बरोबर दोन मुलं आहेत, धाकटी पहिलीत. दोघांनाही वाघच बघायचाय, आणि तीन तास नावेत बसून हत्ती बघण्यात ती कंटाळतील अशी भीती वाटते. मेच्या उत्तरार्धात गेलो तर चालेल का?

रानजाई

सह्यवारा, मुलं हत्तींना कंटाळत नाहीत असा माझा अनुभव आहे. कंटाळतात ती वाघ शोधायला. तास तास गाडी धावते, मोठी माणसं कुजबुजतात, आणि मुलांना धुळीखेरीज काही मिळत नाही. हत्ती समोर काहीतरी करत असतो. त्यांना आधीच कामं वाटून द्या: धाकटीने पिल्लं मोजायची, थोरल्याने सुळेवाले नर ओळखायचे, मखना सापडला तर त्याला जास्त मान. वाघही दिसू शकतो. नागरहोळे आणि बंडीपूर दोन्ही वाघांनी समृद्ध आहेत, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जागांत आपल्या मेळघाटाबरोबर बंडीपूरही होतं.

मेचा उत्तरार्ध जोखमीचा. वळवाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की आतल्या जंगलात फुटवा येतो आणि कळप काठ सोडू लागतात. एप्रिलचा दुसरा पंधरवडा मिळत असेल तर तो घ्या. मुलांच्या परीक्षा झालेल्या असतात.

दोडामार्गकर

ताई, लेख मन लावून लिहिलाय, वाचून आनंद झाला. पण आमच्यासारख्यांना हा विषय वाचताना पोटात कालवतं, ते इथे मांडतो. धागा भरकटवायचा हेतू नाही.

तिलारी खोऱ्यात २००२ पासून हत्ती आहेत. कर्नाटकातून आले ते राहिलेच. केळीची बाग एका रात्रीत आडवी होते. माड आणि पोफळी सोंडेने रेटून पाडतात आणि आतला गाभा खातात. नवा माड धरायला सहा-सात वर्षं लागतात, भरपाई मात्र एका झाडाची, तीही पंचनामे झाल्यावर. बागायतदार रात्र रात्र फटाके आणि बॅटऱ्या घेऊन जागतात. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात काजूच्या बागेत गेलेल्या शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. काजूचा हंगाम सोडून घरात बसणं कुणाला परवडतं? त्याच वर्षी ओंकार नावाचा तरुण टस्कर गोव्याच्या हद्दीत उतरला, शेतात फिरला, आणि त्याला पकडायचं की हाकलायचं यावर दोन्ही राज्यांत वाद झाले.

आम्ही हत्तीला गणपती मानणारी माणसं आहोत. आमच्या गावात अजूनही कुणी त्याला शिवी देत नाही. पण सफारीला गेलेला माणूस चार तास हत्ती बघून परत येतो आणि आम्हाला 'सहजीवन' शिकवतो, तेव्हा राग येतो. कबिनीच्या कडेच्या शेतकऱ्यांचं काय चाललंय, ते तुम्ही बघितलंत का? तिथे रिसॉर्टचा पैसा कुणाला मिळतो?

रानजाई

दोडामार्गकर, धागा अजिबात भरकटलेला नाही. हत्तींबद्दल बोलायचं आणि शेतकऱ्याला वगळायचं, असं करून चालणारच नाही.

कबिनीच्या कडेलाही हेच दुखणं आहे. नागरहोळेच्या भोवती खंदक खणलेत, सौर कुंपणं आहेत, आणि काही भागांत रेल्वेचे जुने रूळ आडवे-उभे रोवून अडसर केलाय. खंदकाची माती पावसात ढासळते आणि हत्ती तीच जागा हेरून पार होतो. सौर तारेवर लाकूड टाकून ती मोडायला हत्ती शिकले आहेत. रुळांचा अडसर त्यातल्या त्यात टिकतो, पण तो महाग असतो आणि सगळीकडे झालेला नाही. मधे मोकळी जागा राहिली की सगळा भार त्या जागेवरच्या गावावर पडतो. भात, ऊस, केळी, नाचणी तयार झाली की माचाणावर रात्र काढणारी माणसं तिथेही आहेत.

तुमच्या रिसॉर्टच्या प्रश्नावर: काठावरच्या गावांतली मुलं वेटर, माळी, चालक म्हणून लागतात, निसर्ग-मार्गदर्शक म्हणूनही थोडी. मोठा पैसा गावात राहत नाही, असंच तिथल्या लोकांकडून ऐकलं. म्हणून मी गावातल्या कुटुंबांच्या घरगुती मुक्कामाची सोय आहे का ते आधी बघते, आणि जेवण-खरेदी अंतरसंतेच्या बाजारात करते. याने तुमच्या बागेची भरपाई होत नाही हे मला कळतं.

ओंकारबद्दल तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. वयात आलेला नर कुळातून सुटून नवा मुलूख शोधतो, आणि शेतावर येणाऱ्यांत नरांचं प्रमाण जास्त असतं. पिकात पोषण दाट असतं, थोड्या वेळात पोट भरतं. कबिनीला तो नर समोर आला तर त्याच्याभोवती शेकडो चौरस किलोमीटर जंगल असतं. तिलारीत त्याच नराला बागांच्या मधूनच वाट काढावी लागते. दोष नेमका इथे आहे, आणि त्याचा भुर्दंड एकट्या बागायतदाराने सोसणं अन्याय आहे. भरपाई झाडाच्या आयुष्याच्या हिशोबाने आणि वेळेत मिळायलाच हवी.

इंद्रावतीकाठ

गडचिरोलीतून लिहितेय. आमच्याकडे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप आला. इथल्या पिढीने जंगलातला हत्ती कधी पाहिलेलाच नव्हता. धानाची पोती, मोहफुलं साठवलेली घरं, सगळ्यावर संकट. कमलापूरचा हत्ती कॅम्प मात्र आम्हाला जुना, तिथले हत्ती माणसाळलेले. 'कमलापूरचे हत्ती पाहिलेत, हे तसेच असतील' असं समजून सुरुवातीला लोक जवळ जायचे. हा धोका सगळ्यांनी ओळखावा. पाळलेल्या हत्तीचा सराव असलेल्या माणसाने रानटी हत्तीसमोर जास्त सांभाळून राहायला हवं.

चामुंडीपायथा

लग्नानंतर म्हैसूरला स्थायिक झालेय, त्यामुळे कबिनी आमच्या अंगणातली. रानजाई, तुझ्या लेखात धरणाबद्दल आलंय पण त्याआधीची गोष्ट राहिली, ती मी लिहिते. ती माहीत असली की तो काठ निराळाच दिसतो.

जिथे आज नावेतून हत्ती बघतो, ते काकनकोटेचं जंगल. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडायला 'खेड्डा' व्हायचा. सँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३-७४ च्या सुमारास चामराजनगरकडे ही पद्धत बसवली, पुढे काकनकोटेला नदीतला खेड्डा गाजला. शेकडो माणसं ढोल, मशाली, बंदुकीचे बार यांनी रानभर कळपाला वेढत आणायची, नदीत लोटायची, आणि पलीकडच्या लाकडी कोटात कोंडायची. व्हाइसरॉय आणि संस्थानचे पाहुणे मचाणांवर बसून हे बघत. कारापूरची जुनी शिकारी बंगल्यांची जागा, जिथे आज सरकारी लॉज आहे, ती त्याच काळातली. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. पुढल्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि काही वर्षांत धरणाने ते खोरंच बुडवलं.

म्हणजे जिथे हत्तींना हाकलून पाण्यात घालायचे, तिथेच आज ते आपण होऊन पाण्याशी येतात. हत्तीचं आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं. शेवटच्या खेड्ड्यातून निसटलेली एखादी पिल्लं आज म्हाताऱ्या हत्तिणी होऊन त्या काठावर असू शकतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

खेड्ड्यात पकडलेले हत्ती माणसाळवायचं काम जेनू कुरुबांचं. आजही दसऱ्याच्या हत्तींचे माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी बहुतेक याच समाजातले. मध, कंद, हत्तीचं शास्त्र, सगळं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातलं. आणि धरण, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प या प्रत्येक टप्प्यावर विस्थापित झाली तीच माणसं. जंगलाबाहेरच्या वसाहतींत त्यांच्या कित्येक कुटुंबांची परवड झाली आणि वनहक्कासाठी त्यांची झुंज अजून चालू आहे. सफारीच्या माहितीपत्रकात हे नसतं. कबिनीला जाणाऱ्याने हे नाव तरी लक्षात ठेवावं, म्हणून लिहिलं.

रानजाई

चामुंडीपायथा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. अर्जुनाबद्दलही लिही ना.

चामुंडीपायथा

लिहिते. अर्जुना हा बळ्ळे कॅम्पचा हत्ती, म्हणजे नागरहोळेचाच. २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षं त्याने दसऱ्याला साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी वाहिली. त्यानंतर मान अभिमन्यूकडे गेला. ४ डिसेंबर २०२३ ला हासन जिल्ह्यात एका रानटी नराला पकडायच्या मोहिमेत अर्जुनाला नेलं होतं. तो नर मदावर होता. झुंजीत अर्जुना गेला. साठी ओलांडलेला हत्ती. त्याचा माहूत त्याच्या देहाला बिलगून रडत होता ती दृश्यं कर्नाटकात घराघरांत बघितली गेली, आमच्या घरी दोन दिवस कुणाला जेवण गेलं नाही. निवृत्त हत्तीला अशा मोहिमेवर न्यावं का, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नये.

नीरव_वाट

दुबारेच्या कॅम्पात हत्तीला आंघोळ घालायला मिळते म्हणे. कबिनीला जोडून करावं का? मुलांना आवडेल.

इंद्रावतीकाठ

कॅम्प बघायला जरूर जा, पण पर्यटकांच्या गर्दीत हत्तीला तासभर आडवं पाडून घासण्यात त्याचं भलं नाही. लांबून माहूत त्याला नदीत कसा घासतो ते बघा, चारा कसा तयार करतात ते विचारा. पाठीवर बसायची सोय कुठेही दिसली तरी नको म्हणा.

पशुवैद्य_सातारा

मदाबद्दल थोडी भर. नरात टेस्टोस्टेरॉन या काळात कित्येक पटींनी वाढतं. गंडस्थळाजवळची ग्रंथी सुजते आणि स्रवते. लघवी सतत ठिबकते, त्यामुळे मागचे पाय ओले दिसतात, हे वर आलंच आहे. खाणं कमी होतं, अंगावरचं मांस उतरतं. तब्येतीने चांगला असलेला नरच पूर्ण मदावर येऊ शकतो, म्हणून जंगलात हे आजारपण समजू नये. माद्यांचा शोध चालू असतो आणि वाटेत येणाऱ्याची तो गय करत नाही.

आणखी एक, दातांबद्दल. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, मागून पुढे सरकत. शेवटचा संच झिजला की चारा चावता येत नाही. म्हातारे हत्ती पाणथळ जागी मऊ गवतावर दिसतात त्यामागे हेही कारण असतं. वय ओळखायचं तर कानाची वरची कड बघा: तरुणपणी सरळ, वय वाढेल तशी पुढे दुमडत जाते. सोंड आणि कानांवरचे गुलाबी ठिपकेही वयाबरोबर वाढतात.

समुद्रपक्षी

हे वाचून श्रीलंकेतल्या मिन्नेरियाची आठवण झाली. तिथलं गणितही अगदी हेच. महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेला तलाव आहे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याचं पाणी उतरतं, पात्रात गवत येतं आणि दूरदूरचे हत्ती तिथे गोळा होतात. मात्र अलीकडे मोरगहकंदच्या नव्या प्रकल्पातून येणाऱ्या पाण्यामुळे तलाव कोरड्या हंगामातही भरलेला राहू लागला, आणि गवत कमी झाल्याची तक्रार तिथले अभ्यासक करतायत. कबिनीच्या काठचं सगळं जलाशयाच्या पातळीवर अवलंबून असेल, तर हा धोका इथेही आहे. पाणी कधी आणि किती सोडायचं हे ठरवताना हत्तींचा विचार होतो का?

रानजाई

समुद्रपक्षी, फार महत्त्वाचा मुद्दा काढलात. धरण सिंचनाचं आणि पिण्याच्या पाण्याचं आहे, त्यामुळे निर्णय त्या हिशोबाने होतात. गवत हे त्यातून आपोआप मिळालेलं फळ आहे, कुणी हत्तींसाठी योजलेलं नाही. म्हणूनच फक्त काठावर विसंबून चालणार नाही, आतल्या जंगलात चारा असायला हवा. तिथे घाणेरीने हाहाकार केलाय. साहेबांच्या काळात शोभेचं झुडूप म्हणून आणलेली ही वनस्पती आज नागरहोळे-बंडीपूरमध्ये मैलोन्‌मैल पसरली आहे, तिच्याखाली गवत उगवत नाही आणि हत्ती-गवे तिला तोंड लावत नाहीत. त्यात सेन्ना नावाचं पिवळ्या फुलांचं झाड भर घालतंय. जीपमधून जाताना दोन्ही बाजूंना हिरवंगार दिसतं, लोक खूश होतात. त्या हिरव्यातलं खाण्याजोगं किती, असा प्रश्न गाइडला अवश्य विचारा. काही पट्ट्यांत ती उपटून देशी गवत परत आणायचं काम चालतं, तेही दाखवायला सांगा. पर्यटकांनी विचारणा केली की अशा कामाला वजन येतं.

तुळशीवृंदावन

सगळ्यांचं वाचून आई-बाबांना न्यायचं ठरवलंय. दोघंही सत्तरीपुढचे, बाबांचे गुडघे दुखतात. मुंबईहून रेल्वेने जायचं आहे. जीपचे धक्के झेपतील का? उन्हाचं काय?

रानजाई

तुळशीवृंदावन, आई-बाबांना नक्की न्या. दादरहून म्हैसूरला थेट शरावती एक्सप्रेस आहे, पण ती आठवड्यातून एकदाच, तेव्हा तारखा तिच्याभोवती बसवा. नाहीतर बंगळुरूपर्यंत येऊन पुढे म्हैसूरची गाडी धरा. म्हैसूरला एक रात्र विश्रांती घेऊन सकाळी निघालात तर त्रास होणार नाही.

बाबांसाठी जीप टाळा. जंगलातले रस्ते खडबडीत आहेत आणि चढउतारही करावी लागते. नावेत पाठ टेकायला बाक असतो, हादरे नसतात. फक्त धक्क्यापर्यंत उतरताना हात द्यायला कुणी असू द्या, कारण उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं आणि उतार लांबतो. आरक्षण करतानाच 'ज्येष्ठ आहेत, नावच हवी' असं सांगून ठेवा, जागा मर्यादित असतात. दुपारी ऊन कडक असतं: टोपी, पाणी, फिकट सुती कपडे. लाल-भडक काही नको आणि नावेत मोबाइलवर गाणी नकोत. दुर्बीण एक असली तरी पुरे, आळीपाळीने बघता येईल.

बाबांना काही माहिती आधी वाचून दाखवणार असाल तर चामुंडीपायथाचा खेड्ड्याचा प्रतिसाद आणि दोडामार्गकरांचा प्रतिसाद दोन्ही दाखवा. नावेतल्या चालकाला हिंदी थोडं येतं, कन्नड बोलणारं कुणी बरोबर असेल तर तो कितीतरी जास्त सांगतो. आणि जाऊन आल्यावर इथेच लिहा, जलाशयाची पातळी कुठवर होती आणि कळप कुठल्या काठाला होते तेवढं तरी. पुढे जाणाऱ्यांना तारखा ठरवायला त्याचाच उपयोग होतो.